राहू द्या

आमच्या अमीधारा सोसायटीच्या फाटकाशी, कडुलिंबाखाली, सिमेंटचा एक बाक आहे. सन १९९५च्या दिवाळीनंतर जे घडले त्याचा आरंभ ह्या बाकावर झाला, म्हणून प्रथम त्याचे वर्णन करतो. बाक आठ फूट लांब असून त्याच्या पाठीवर बिल्डरचे नाव लाल रंगात लिहिलेले होते. त्यातील निम्मी अक्षरे टेकणाऱ्यांच्या सदऱ्यांनी पुसून नेली आहेत. त्या काळी वासणा म्हणजे बडोद्याचे शेवटचे टोक होते. रस्त्यापलीकडे एरंडाची शेते होती आणि सायंकाळी तिकडून धुराचा व ओल्या मातीचा वास येत असे.

सहा ते साडेसात आम्ही तिघे तेथे बसत असू. चार नंबरचे भास्करराव, निवृत्त शिक्षक. सात नंबरचे रमाकांत, बँकेतील नोकरदार. आणि नऊ नंबरचा मी, प्रतापसिंहराव. माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले. परंतु रावपुऱ्यातील एका बाइंडिंगच्या दुकानात मी छत्तीस वर्षे पुस्तके शिवली आणि शिवता शिवता वाचली, त्या बळावर हे लिहीत आहे. जे पाहिले तेवढेच लिहीन.

आमच्या चर्चेचे विषय ठरलेले असत.

"लखून घ्या, लिहूनच ठेवा," रमाकांत म्हणत, "बोरच्या पाण्यात डाळ शिजतच नाही. आजव्याच्या तलावाचं पाणी ते आजव्याचं."

"तुमच्याकडे डाळ शिजत नाही ह्यात पाण्याचा काय दोष?" भास्करराव म्हणत. "केबल आल्यापासून वहिनी स्वयंपाकघरात असतात कधी?"

"बस ने, मास्तर! खिडकीतून आमचीच केबल बघता आणि वर आम्हालाच बोलता?"

पाणी, केबल, सेव-उसळीचा बिघडलेला रस्सा, हे सर्व संपले म्हणजे अंधार पडता पडता प्रत्येकजण आपापल्या बालपणाकडे वळत असे. मी मात्र त्या वेळी ऐकण्याचे काम करीत असे. ह्याचे कारण सांगणे आवश्यक आहे. माझा धाकटा भाऊ पृथ्वीराज सहा वर्षांचा असताना मुदतीच्या तापाने गेला. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्याच्या मृत्यूसंबंधी एक गोष्ट मला एकट्यालाच ठाऊक होती आणि ती मी सत्तेचाळीस वर्षे आईला सांगू शकलो नव्हतो. आई मानत असे की दोष तिचाच, तिच्याच हातच्या पेजेत काहीतरी गेले असावे. प्रत्येक वद्य पंचमीला, तो गेला त्या तिथीला, ती कडक उपास करी. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीदेखील. मी विधुर, मुलगी भक्ती लग्न होऊन इंदूरला गेलेली. घरात आई आणि मी दोघेच. दर महिन्याला तिला निर्जळी राहिलेली पाहत मी समोर बसून जेवत असे. तो घास कसा उतरत असेल ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

दिवाळीनंतर अकरा नंबरात हेरंबराव राहावयास आले. वय साठीच्या आसपास, पांढरा सदरा, पायजमा, अंगाला कापूर ठेवलेल्या पेटीसारखा वास. सामान म्हणून एक खाट आणि एक कंदील. पहिल्याच सायंकाळी रमाकांतांनी त्यांना बाकावर जागा करून दिली.

"तुमचं लहानपण कुठलं, हेरंबराव? बडोद्याचंच का?"

"ते तेवढं राहूनच गेलं," ते म्हणाले.

आम्ही हसलो. तेही हसले, पण थोडे उशिरा.

हेरंबराव फार सुरेख ऐकत. आमच्याकडे कोणी गोष्ट सांगू लागला म्हणजे ऐकणाऱ्याने हुंकार द्यावयाचा असतो; त्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. त्यांचा हुंकार मी अन्यत्र ऐकलेला नाही. हलका, नेमका, श्वासाच्या जागी पडणारा. सांगणारा थांबू म्हटले तरी थांबू शकत नसे. आणि गोष्ट संपली की ते मान डोलवून म्हणत, "राहू द्या."

खरे पाहता अशा वेळी मराठी माणूस 'जाऊ द्या' म्हणतो. परंतु गुजरातीत 'रहेवा दो' असा प्रयोग आहे आणि आम्ही बडोदेकर अर्धी वाक्ये तिकडून उचलतो. त्यामुळे कोणासही त्यात काही वावगे वाटले नाही.

रमाकांतांनी एकदा सायकलीची हकिकत सांगितली. वडिलांची सायकल चोरून ते कैची मारीत रावपुऱ्यात गेले आणि कुंभाराच्या माठांवर जाऊन आदळले. वडिलांनी सर्व माठांची भरपाई केली, आणि वर्षभर मुलाला खापरीतूनच पाणी प्यायला लावले. आम्ही पोट धरून हसलो. हेरंबराव म्हणाले, "राहू द्या."

आठ दिवसांनी तीच हकिकत हेरंबरावांनी सांगितली. स्वतःची म्हणून. खापरीची कड खालच्या ओठाला कशी लागत असे, तेही सांगितले. मी रमाकांतांकडे पाहिले. मला वाटले, आता ते चिडतील.

"वा, भारी बाप होता तुमचा!" रमाकांत म्हणाले. "आमच्याकडे असं काही नाही. आमच्या वडिलांना सायकल यायचीच नाही."

ही थट्टा असावी, असे मी ठरवले.

पुढे भास्कररावांची पाळी आली. पाच वर्षांचे असताना त्यांना पिसाळलेला कुत्रा चावला होता, पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली होती. डाव्या पोटरीवर बोराएवढा खड्डा होता. तो त्यांनी आम्हांस अनेकदा दाखवला होता. काठीशिवाय ते फाटकाबाहेर पडत नसत. त्यांनी ती सर्व हकिकत हेरंबरावांना ऐकवली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीची काळी कुत्री भास्कररावांच्या पावलांवर डोके ठेवून झोपली होती. ते तिचे कान खाजवीत होते. काठी जवळ नव्हती.

"मास्तर, तुमची पोटरी बघू," मी म्हणालो.

"का हो? वैद्यकी सुरू केली की काय?" त्यांनी पायजमा वर घेतला. कातडी साफ होती. तेथे केसही नेहमीसारखे उगवलेले होते.

"इथला खड्डा?"

"कसला खड्डा?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला हेरंबरावांनी आपला पायजमा घोट्यापर्यंत हलकेच खाली ओढून घेतला.

मी तीन दिवस बाकावर गेलो नाही. घरी बसून सर्व गोष्टींचा शांतपणे विचार केला. रमाकांत आता पूर्वीपेक्षा आनंदी होते. वडिलांचे नाव निघाले की त्यांचा आवाज चढत असे, तो आता चढत नव्हता. भास्कररावांची भीती गेली होती. नुकसान कोणाचे झाले होते? मला कोणाचेही दिसेना. चौथा दिवस वद्य पंचमीचा होता. आई सकाळपासून पाण्याच्या थेंबाविना हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसली होती. तिचे ओठ कोरडे पडून त्यांना चिरा गेल्या होत्या.

दुपारी चार वाजता मी बाकाकडे निघालो. हेरंबराव एकटेच बसले होते, जणू वेळ दिलेली असावी.

"तुमचीच वाट पाहत होतो, प्रतापराव."

मी म्हणालो, "आम्ही तेव्हा पाणीगेटला राहत होतो."

"हं," ते म्हणाले.

एवढेच मला आठवते. त्यानंतर हुंकारच हुंकार, आणि मांडीवर पडत राहिलेली कडुलिंबाची पिवळी पाने. मग त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. हात गरम होता. पूर्वी तो तसा नसे.

"राहू द्या," ते म्हणाले.

मी उठलो तेव्हा अंग इतके हलके झाले होते की पहिले पाऊल चुकीच्या जागी पडले. फाटकाबाहेर जामफळांची, म्हणजे पेरूंची, हातगाडी उभी होती. पिकलेल्या जामफळांचा गोड वास सर्वत्र पसरला होता. मी अर्धा किलो घेतली आणि एक तेथेच मीठ लावून खाल्ले. उरलेली घरी नेली.

आईने पिशवीत पाहिले. "तू? जामफळ?"

"का? काय झालं?"

"लहानपणापासून वासदेखील सहन होत नाही तुला. कुणी कापलं तर घराबाहेर जायचास."

मला तसे काहीच स्मरत नव्हते. मी तिच्यासमोर आणखी एक खाल्ले.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास हेरंबराव आमच्याकडे आले. आई हिंचक्यावर तांदूळ निवडीत होती. मी खुर्ची पुढे केली. परंतु ते खाली फरशीवर, तिच्या पायांशी बसले. टेबलावर जामफळाच्या फोडी होत्या. त्यांनी नाकावर रुमाल धरला आणि मला खुणेने ताटली दूर न्यावयास सांगितले.

"मला काही सांगायचंय," ते म्हणाले. "पृथ्वीबद्दल."

आईचे हात ताटात थांबले.

"तू पाण्याला गेली होतीस. डॉक्टरांनी पेजेशिवाय काही द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. तो एकवीस दिवस नुसत्या पेजेवर होता. म्हणाला, दादा, एकच फोड दे. मी नाही म्हटलं. मग तो रडायला लागला, पण आवाजच निघेना त्याचा. मी कोनाड्यातलं जामफळ घेतलं. अर्धं त्याला दिलं. अर्धं मी खाल्लं. बिया त्याच्या ओठाला चिकटल्या होत्या, त्या मी माझ्या सदऱ्याने पुसल्या. रात्री त्याचं पोट दुखायला लागलं. तुझ्या पेजेत काही नव्हतं. काहीच नव्हतं."

हिंचक्याची कडी एकदा वाजली.

मी दाराशी उभा होतो. शेजाऱ्याची एखादी दुःखद हकिकत ऐकावी तसे मी ते सारे ऐकत होतो. मला हेरंबरावांची दया आली. दहा वर्षांच्या मुलाने हे कोठे ठेवले असेल, असे माझ्या मनात आले.

आईने ताट बाजूला ठेवले आणि त्यांच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले.

"वेड्या," ती म्हणाली. "दहा वर्षांचं पोर होतास. भुकेल्या भावाला खायला दिलंस. एवढी वर्षं एकट्याने बाळगलंस हे?"

हेरंबराव लहान मुलासारखे रडले. आईही रडली आणि मग, मी शपथेवर सांगतो, ती हसली. तिचे असे हसणे मी कधी ऐकलेले नव्हते.

त्या दिवशी तिने शिकरण मागितले. दोन वाट्या खाल्ले.

पुढील वद्य पंचमीला तिने उपास केला नाही. गॅसवर चहाचे आधण ठेवून ती भक्तीशी टेलिफोनवर बोलत होती. डोक्यावरून डोंगर उतरला, असे म्हणत होती. तिची बुद्धी शाबूत होती. तिथी, भाव, दूधवाल्याचे खाडे, सर्व तोंडपाठ. डॉक्टरांनी तिचा रक्तदाब पाहून आश्चर्य व्यक्त केले. मलाही रात्री गाढ झोप लागू लागली. सत्तेचाळीस वर्षांत जे साधले नाही ते साधले होते, आणि ज्याने साधून दिले त्याच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञतेवाचून दुसरे काही नव्हते.

हेरंबराव रोज येत. आई त्यांच्यासाठी वाटी बाजूला काढून ठेवू लागली.

मग चष्मा कोठे आहे, औषधाची वेळ कोणती, हे ती त्यांनाच विचारू लागली.

मला ती 'अहो' म्हणू लागली. प्रथम वाटले, माझी ऐकण्यात चूक होत आहे.

फाल्गुनातील एका सायंकाळी मी भाजी घेऊन परत आलो. नऊ नंबरचे दार सताड उघडे होते. आत गॅसजवळ कोणीतरी कपबश्या मांडीत होते. ओसरीत हिंचक्यावर आई एकटी, उघड्या डोक्याने, केस वाळवीत बसली होती. माझी चाहूल लागताच तिने वर पाहिले. क्षणभर निरखले. ते पाहणे प्रेमळ होते.

दारात परका पुरुष आला म्हणजे आमच्या घराण्यातील बायका जे करतात ते तिने केले. तिने झटकन डोक्यावर पदर घेतला.

"या, बसा ना," ती म्हणाली. "प्रताप आत चहा करतोय. येईलच एवढ्यात."

मला दुःख झाले नाही. मनावर कसलाही भार नव्हता. मी चपला पायरीखाली काढल्या, भाजीची पिशवी मांडीवर घेतली आणि वाट पाहत बसलो.