बांधल्या दिवसापासून

जनुकवाचन कक्षातल्या पांढऱ्या ताटलीत आंब्याची एक कोय उभी चिरून ठेवली होती. डॉ. हेमांगी साखळकरने ती भिंगाखाली पाहिली, मग भिंग दूर सारून नुसत्या डोळ्यांनी पाहिली. कोयीच्या आत बी होतं. टपोरं, ओलसर, देठाच्या बाजूला किंचित हिरवट. रायवळ आंब्यात असतं तसंच. पण हा रायवळ आंबा नव्हता.

"चाळीस वर्सा हेमांगी कापतंय गे बाय," दाराशी उभे असलेले विश्राम परब म्हणाले. "असो बाठो माका एकदाव गावलो नाय."

विश्रामकाका संस्थेतून दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले कलमकार. 'हेमांगी' या जातीचं पहिलं कलम त्यांच्याच हातांनी बांधलं होतं. पहिली काही हजारही त्यांनीच. आता घाटाच्या पायथ्याशी त्यांची स्वतःची बाग होती, आणि त्या बागेतही दुसरी जात नव्हती. किनाऱ्यावरच्या कुणाच्याच बागेत फारशी उरली नव्हती. हेमांगी दरवर्षी धरायची, एक वर्ष फळ आणि एक वर्ष नुसती पानं हा आंब्याचा जुना खोडसाळपणा तिच्यात नव्हता. शिवाय तिची कोय कागदासारखी चपटी आणि आतून रिकामी. डॉ. भार्गव साखळकरांनी हे झाड निवडलं त्यानंतर वर्षभराने त्यांना मुलगी झाली, तेव्हा त्यांनी झाडाचं नाव मुलीला दिलं. झाड आधी, मुलगी नंतर. हा क्रम ते भाषणांत आवर्जून सांगत आणि लोक हसत.

"कुठल्या झाडाचं फळ?"

"व्हाळाकडच्या. खोलगट जागा ती, थंडी थयच बसता. दोन वर्सा डिसेंबरात एकदा पडली नि फेब्रुवारीत परत पडली. यंदा ह्या झाडाक मोहर असो इलो काय पान दिसना. नि आता झाड सुकत चाललाहा." त्यांनी खिशातून दोन पानं काढून टेबलावर ठेवली. "तुझ्या मशिनीक दाखव. साहेबांका इतक्यात सांगू नको. माका म्हणतले, विश्राम, तुझे डोळे गेले."

ते गेल्यावर हेमांगीने पान यंत्रात घातलं.

या जातीचं मर्म बांबूतून घेतलेल्या एका जनुकात होतं. त्याला संस्थेत वर्षगणक म्हणत. प्रत्येक हिवाळ्याच्या थंडीत तो स्वतःवर एक रासायनिक खूण करी, आणि ती खूण झाली की झाडाला मोहर येई. थंडी एकदा पडली की एक खूण, म्हणून दरवर्षी न चुकता फळ. आजवर त्या खुणा मोजायची गरज कुणाला पडली नव्हती. जनुकवाचकाने मोजायला चार मिनिटं घेतली. व्हाळाकडच्या, म्हणजे ओढ्याकाठच्या, झाडावर अठ्ठेचाळीस खुणा होत्या.

झाड एकोणचाळीस वर्षांपूर्वी लावलेलं. दोनदा जास्तीची थंडी धरली तर एक्केचाळीस. तिला वाटलं, नमुना बिघडला असेल. यंत्र बरोबर चालतंय का हे पाहण्यासाठी ती रोपवाटिकेत गेली आणि गेल्या वर्षी बांधलेल्या, गुडघ्याएवढ्या कलमाचं एक पान तोडून आणलं. त्यावर एक खूण असायला हवी होती.

सेहेचाळीस होत्या.

तिने आणखी अकरा पानं वाचली. सहा वर्षांचं कलम, वीस वर्षांचं, तीस वर्षांचं. प्रत्येकावर सेहेचाळीस.

*

भार्गव साखळकर ऐंशी वर्षांचे होते आणि संस्थेच्या आवारातल्या बंगल्याच्या पडवीत बसून आंबा खात होते. त्यांचं हृदय आता महिन्यांच्या हिशोबाने चालतं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी ते माळ्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

हेमांगीने छापील आकडे त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी हात पुसले नाहीत. कागदावर रसाचे डाग पडले.

"सेहेचाळीस," ते म्हणाले. "बरोबर आहे. बी पेरलं त्याला सेहेचाळीस हिवाळे झाले."

"अप्पा, कलमाचं वय बांधल्या दिवसापासून मोजतात."

"कोण मोजतं? कलमकार मोजतो. सरकार मोजतं. काडीला कुणी विचारलंय? म्हाताऱ्या झाडाची काडी कोवळ्या खुंटावर बांधली म्हणून ती तरुण होत नाही. आपण दुसऱ्याच्या पायांवर उभं केलेलं तेच म्हातारं झाड असतं ते. किनाऱ्यावर हेमांगीची नव्वद लाख झाडं नाहीत. एकच आहे. नव्वद लाख जागी उभं."

"बांबूत हा गणक शेवटाला पोचला की सगळी बेटं एकाच वर्षी फुलतात आणि मरतात. तुम्ही तो शेवट कापून टाकला होता."

"कापून पाहिला. शेवट कापला की गणक मोजेनासा होतो. कुठपर्यंत मोजायचं हे ठाऊक नसेल तर मोजणार कशाला? मग मी शेवट लांब नेऊन ठेवला. अठ्ठेचाळीसवर."

"आणि जात मंजूर करणाऱ्या समितीला?"

"समितीला लेखी दिलं की झाडाला अठ्ठेचाळीस वर्षांचं आयुष्य आहे. समिती म्हणाली, उत्तम, प्रत्येक बागायतदाराला बांधल्या दिवसापासून अठ्ठेचाळीस वर्षं मिळतील, त्याच्या आत तो बाग बदलेलच. बांधल्या दिवसापासून हे शब्द त्यांचे. मी दुरुस्त केले नाहीत."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हेमांगी, मी मूर्ख वाटतो का तुला?"

तिने नजर फिरवली. पडवीच्या खांबाला लाल फितीचं एक रीळ टांगलेलं होतं. पैदासकार म्हणून भार्गव साखळकरांची सगळी कारकीर्द त्या फितीवर झाली होती. संकराची रोपं फळावर आली की ते रांगेतून चालत, एक फळ चाखत, आणि नापसंत झाडाला लाल फीत बांधत. संध्याकाळी कुऱ्हाडवाले येऊन फितीची झाडं तोडत. बाराशे रोपांतून अकराशे नव्व्याण्णवांना फीत बांधून त्यांनी हेमांगी काढली होती. दहा वर्षांची मुलगी गणितात नापास झाली तेव्हा त्यांनी पाहुण्यांसमोर तिच्या दप्तराला फीत बांधली होती. पाहुणे तेव्हाही हसले होते. पुढे ती याच संस्थेत पैदासकार झाली. तिने सहा संकर केले, दोन हजार तीनशे चाळीस रोपं वाढवली. संचालक म्हणून आणि नंतर सल्लागार म्हणून प्रत्येक रांगेतून तेच चालले. दोन हजार तीनशे चाळीस फिती.

"तुझी रोपं वाईट नव्हती," ते म्हणाले. तिच्या मनात काय चाललंय हे त्यांना नेहमीच कळे. दया तेवढी येत नसे. "त्यांचे आईबाप सामान्य होते. तुला हेमांगीचा संकर करायचा होता, पण हेमांगीची कोय रिकामी. गणक शेवटाला येईपर्यंत बी धरूच देत नाही. बांबूचा तोच नियम आहे. बी फक्त मरताना."

तिने पिशवीतून विश्रामकाकांची कोय काढून टेबलावर ठेवली.

म्हाताऱ्याचा हात प्रथमच थांबला. त्यांनी ती उचलली, नाकाशी नेली, नखाने बियाची कड दाबली. त्यांचे डोळे भरून आले होते. मुलीने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. आई गेली त्या दिवशीही नाही.

"भरलीय," ते म्हणाले. "भरलीय गं."

"झाड मरतंय, अप्पा."

"आणखी दोन हिवाळे. मग नव्वद लाख झाडं एकदम. प्रत्येकावर हजार फळं धर. नऊशे कोटी बिया, आणि एकातून दुसऱ्यासारखं रोप निघणार नाही. हेमांगीत जे जे दडलंय ते सगळं सुटं होऊन बाहेर पडेल. गणक नसलेलं आणि तरीही दरवर्षी धरणारं एखादं झाड त्यात असेल. बाराशेंत ते सापडत नसतं. मला बाराशेच रोपं मिळाली, कारण तेवढीच जमीन होती. पुढच्या खेपेला जमीन कोण देणार? म्हणून मी किनाराभर लोकांच्या जमिनीत, लोकांच्या पाण्यावर बीजधारी झाडं वाढवून घेतली. इतका मोठा प्रयोग कुणी केलेला नाही."

"त्यांच्या बागा जातील."

"जातील."

"अंत्यमोहराला झाड मुळातला सगळा साठा वर ओढेल. खालचा रायवळ खुंटही मरेल. पण आत्ताच शेंडे छाटले आणि त्या खुंटांवर दुसऱ्या जातीच्या काड्या बांधल्या, तर चार वर्षांत बागा पुन्हा उभ्या राहतील. मी उद्या पत्रक काढते."

"काढ की." त्यांनी कोय परत तिच्या हातात ठेवली. "या पावसाळ्यात नव्वद लाख शेंडे पडतील. बागा वाचतील. तुझा सत्कार होईल. आणि एक बी मिळणार नाही. निवृत्त होशील तेव्हा तुझ्या नावावर एक पत्रक असेल."

ती उठली.

"या संस्थेत वर्षगणक वाचता येतो तो फक्त तुला," ते मागून म्हणाले. "दुसरा माणूस मी नेमू दिला नाही. ते का, हे तुला कळलं असेल असं मी धरून चाललो होतो. धरून चालण्यात माझी चूक झाली असेल, तर त्या रिळाची थोडी फीत स्वतःलाच बांध."

*

नवव्या दिवशी ते गेले. आंब्याचा मोसम संपत आला होता, तरी किनाऱ्यावरून बागायतदार आले, कुणी टेंपोने, कुणी बसने. संस्थेच्या सभागृहात त्यांना ठेवलं तेव्हा लोकांनी फुलांबरोबर हेमांगीच्या डहाळ्या आणल्या. एका म्हाताऱ्या बाईने हेमांगीचे दोन्ही हात धरले. "तुझ्या बापसान आमच्या चुली पेटवल्या," ती म्हणाली. लोक रडत होते. मुलगी रडली नाही. तिला खरोखर दुःख झालं होतं, आणि ते कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं. असल्या गोष्टी ती आजवर ज्यांना विचारत आली होती, ते समोर डहाळ्यांखाली झोपले होते.

पत्रक तिने लिहिलं होतं. एक पान, सोपं, आकड्यांसकट. ते पिशवीत होतं.

दिवसकार्य आटोपल्यावर ती विश्रामकाकांच्या बागेत गेली. व्हाळाकडचं झाड बघायचं आणि पहिलं पत्रक त्यांच्याच हातात द्यायचं, असं तिने ठरवलं होतं.

झाड जवळपास गेलं होतं. पानं तांबूस, साल सुटलेली. पण खाली पसरलेल्या फळांचे बाठे ओल्या मातीत उकलले होते आणि त्यांतून तांबड्या कोंबांची दाटी उठली होती. ती गुडघ्यांवर बसली. एका कोंबाची पानं अरुंद, दुसऱ्याची रुंद. एकाचा रंग ताम्रवर्णी, शेजारच्याचा जवळजवळ जांभळा. कुणी कुणासारखं नव्हतं. तिने मोजायला सुरुवात केली आणि चारशेवर सोडून दिलं. एका झाडाखाली. वडिलांचे डोळे पडवीत का भरून आले होते, ते तिला कळलं. त्यांची एवढी एकच गोष्ट तिला आयुष्यात पुरती कळली.

"किडो लागलो काय गे?" विश्रामकाका मागे येऊन उभे राहिले होते.

"खोडकिडा," ती म्हणाली. "एवढ्या एकाच झाडाला आहे. ही रोपं काढू नका, काका. मी घेऊन जाईन."

"ने. माका काय करूची रायवळा?" त्यांनी तिला हाताला धरून चढावर नेलं. तिथे कुंपणाच्या आत नवी लागवड होती. गुडघ्याएवढी कलमं, प्रत्येकाला बांबूची काठी आणि सुंभाची गाठ. "नातीच्या नावान तीनशे कलमा लावलंय. शेवटची. आता हात कापतत, गाठ बसणा नाय. नातीच्या बापसाक वायच वाईट वाटला, म्हणता दुसरी जात लाय, सगळा एकाच झाडार कित्याक? मी म्हटलंय, साहेबांच्या झाडार माझो इस्वास आसा." त्यांनी एका कलमाची गाठ चाचपली. "पण साहेब गेले. म्हणून तुका इचारतंय. तू सांगशीत ता खरा. किती वर्सा जगतली ही?"

पिशवी तिच्या खांद्याला होती. तिने ती उघडली. पत्रक वरच होतं, आणि त्याखाली पडवीच्या खांबावरून आणलेलं लाल फितीचं रीळ. खाली व्हाळाकडे वाऱ्याने कोंब हलत होते.

"अठ्ठेचाळीस," हेमांगी म्हणाली.

"खयपासून धरून?"

"बांधल्या दिवसापासून, काका. कलमाचं वय तसंच मोजतात."

विश्रामकाकांनी बोटांवर हिशोब केला आणि ते तोंडभर हसले. नातीची नातवंडंसुद्धा आंबे खातील म्हणाले.

तिने पिशवी बंद केली. मग नव्या लागवडीपलीकडच्या मोकळ्या उतारावर नजर टाकून तिने विचारलं, "ही जागा किती आहे, काका? दोन वर्षांनी मला रोपांसाठी लागेल."