परतीचं पाणी

यात पदरचं काहीच नाही. आमच्या जैनुद्दीनचाचांवर गुदरलं, तसंच सांगतोय.

साल एकोणीसशे बासष्ट. पौष महिना. पौडहून कोळवणकडे जाताना ओढ्याकाठी हिरड्याचा कारखाना होता. चाचा तिथं बॉयलरवर होते.

बॉयलरचं गरम पाणी पाइपातून वाळवणखोलीत जायचं, हिरडे वाळवायचं आणि जरा निवून परत यायचं. जाणाऱ्या पाइपात एक काडी बसवलेली, परतीच्या पाइपात दुसरी. काडीत प्लॅटिनमची केसाएवढी तार. तार जितकी तापेल, तितकी वीज तिच्यातून अडखळत जाते. त्यावरून दोन काटे दोन्हीकडच्या पाण्याची उष्णता दाखवायचे. मधला फरक म्हणजे खोलीनं घेतलेली ऊब.

कुशाबा चाचांचा जोडीदार. एका सकाळी तो ओढ्यात उतरून पाण्याची जाळी साफ करून आला. दातावर दात वाजत होते.

"जरा शेकून येतो," म्हणाला आणि वाळवणखोलीत जाऊन बसला.

दुपारी दार उघडलं. भिंतीला टेकून बसल्या जागीच तो मेला होता.

खोली भट्टीसारखी तापलेली… आणि अंग गारठून दगड.

चाचा रडले नाहीत. सरणाला लाकडं लावून आले आणि दुसऱ्या दिवशी बॉयलर पेटवला. मनात काही हलतच नव्हतं, म्हणायचे.

मालकांनी खोलीतला माल बाहेर काढला. पाणी मात्र फिरत होतं. रिकामी खोली ऊब घेऊन घेणार किती? दोन्ही काटे जवळजवळ सारखेच असायला हवे होते.

पण परतीचा काटा…

तळाला टेकला होता.

काडी बिघडली असेल म्हणून फिटर जयसिंगला बोलावलं. त्यानं दोन्ही काड्यांची अदलाबदल केली. तरी तेच. मग परतीच्या पाइपावर हात ठेवला आणि लगेच काढला.

"काड्या चांगल्या हायेत. पाणीच गार येतंय." खोलीच्या दाराकडं बघत त्यानं विचारलं, "आत कोण हाय?"

"कुणी न्हाई."

जयसिंगनं पाना पिशवीत टाकला आणि तो निघून गेला.

कुशाबाची बायको रत्नाबाई अंगणात हिरडे निवडायची. तिनं हे ऐकलं. उठून आली.

"भाऊ, त्यांना लई थंडी वाजत असंल. मी बसते जरा."

"नको, वहिनी."

"दार लावून घ्या. ऊब जाती."

ती आत गेली. चाचांनी दार लावलं. मग ते काट्यांपाशी परत आले.

परतीचा काटा हलला.

हळूहळू चढला. दुसऱ्या काट्याच्या बरोबरीला आला. चाचांना वाटलं, झालं एकदाचं ठीक.

काटा थांबला नाही…

जाणाऱ्या पाण्यापेक्षा परतीचं पाणी गरम येत होतं.

खोलीत विस्तव नव्हता. शेगडी नव्हती. जिवंत असं एकच माणूस होतं.

चाचा धावले.

रत्नाबाई भिंतीशी बसली होती. कुणाचे तरी हात धरावेत तशी ओंजळ मिटलेली. श्वास चालू होता. अंग मात्र… कुशाबासारखं.

त्यांनी तिला ओढत बाहेर उन्हात आणलं.

"वहिनी, थंडी वाजतीया का?"

"मला न्हाई," ती म्हणाली. "त्यांनाबी न्हाई आता."

खोली विटांनी बुजवली. पुढं कारखानाही बंद पडला. रत्नाबाई जगली, शेतात राबली. चुलीवरचं उकळतं भांडं ती उघड्या हातानं उतरवायची. हात भाजायचा नाही.

गेल्या वर्षी चाचांना ताप चढला. उतरेना. रत्नाबाई बघायला आली. उशाशी बसली आणि कपाळावर हात ठेवला.

ताप उतरला. घटकाभरात.

हात मात्र तिथंच होता. चाचांचे ओठ निळे पडायला लागले. मी पुढं होणार तेवढ्यात तिनं मान मागं वळवली आणि अगदी मायेनं विचारलं,

"बास का?"

तिच्या मागं भिंत होती. मी समोरच उभा होतो.

मग तिनं हात काढला, पदर सारखा केला आणि घरी गेली.

चाचा आता वैशाखातही घोंगडी सोडत नाहीत. काल रत्नाबाईनं निरोप धाडलाय… बघायला येते म्हणून.