मनातलं ओळखणाऱ्या माश्या

"हलू नकोस! हात झटकू नकोस!" मामा ओरडला.

टिटवीने हात झटकलाच. हातमोजा आणि बाही यांच्या मधल्या बोटभर जागेत आग उठली होती. अशा वेळी कोण पुतळ्यासारखं उभं राहील? दुसरी माशी हातमोज्यावर आदळली, मग तिसरी. टिटवी मागे सरत सरत कुंपणापर्यंत पोचली आणि मटकन खाली बसली.

मामाने येऊन मनगटावरची नांगी नखाने खरवडून काढली. "चिमटीत धरून ओढायची नाही. दाबली की उरलंसुरलं विष आत जातं. आणि उड्या मारायच्या नाहीत, किती वेळा सांगितलं?"

"उड्या आधी नाही मारल्या! चावल्यावर मारल्या!"

बापू मात्र पेटीशी उभाच होता. हातात मधाची चौकट, चौकटीवर शेकडो माश्या, आणि चेहरा असा, की जणू दूध तापत ठेवलंय आणि हा उतू जायची वाट बघतोय. बापू म्हणजे टिटवीच्या मावशीचा मुलगा. वय तिच्याएवढंच, बारा. पण पाच वर्षांचा असल्यापासून हात पाठीमागे बांधून चालायचा, म्हणून सगळे त्याला बापू म्हणायचे. दोघं सुट्टीत मामाकडे मधमाश्या पाळायला शिकायला आली होती. इतक्या दिवसांत टिटवीला चार डंख बसले होते. बापूला एकही नाही.

"काय रे मामा, मलाच का चावतात?"

मामाने बापूच्या खांद्यावर हात ठेवला. "माश्यांना माणसाचं मन कळतं बघ. मन शांत, तर माशी शांत. मनात खोट असली, की डसलीच!"

टिटवी चपापली. कारण माशी चावली त्या क्षणी ती मनात म्हणत होती, 'पडू दे बापूच्या हातातून चौकट. एकदा तरी पडू दे!'

घरात मामीने मनगटावर बर्फ धरला आणि निकाल दिला. "अहो, पावासारखा फुगलाय पोरीचा हात! आता ऐका सगळे. यापुढे ज्याला चावेल, त्याने सुट्टीभर पेट्यांजवळ पाऊल टाकायचं नाही. मग ती टिटवी असो नाहीतर बापू."

"पण मामी, रविवारी मध काढायचाय!"

"मग नको चावून घेऊस."

रविवारी भरलेली पहिली चौकट एका मुलाने उचलायची, असं मामाने कबूल केलं होतं. कोणी उचलायची, ते त्याने सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. सगळ्या घराला ठाऊक होतं.

टिटवी रात्री नियम घोकत होती. पेटीच्या दारासमोर उभं राहायचं नाही, बाजूने जायचं. कपडे फिके. अत्तर नाही, सुगंधी तेल नाही. आधी थोडा धूर, मग झाकण. हात सावकाश. हे सगळं ती पाळत होती! उरलं होतं फक्त मन. आणि मन काही साबणाने धुता येत नाही.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी खोपटात गेली. खिळ्यांवर हातमोज्यांचे दोन जोड लटकत होते. तिचे तपकिरी, जाड चामड्याचे. बापूचे पांढरे, कापडी, साधे. पहिल्या दिवशी "जाड मला!" म्हणून तिनेच झडप घातली होती. आज तिला वाटलं, बापूच्या मोज्यांनाच हातगुण असेल. तिने पांढरे मोजे चढवले.

"ते माझे आहेत," दारातून बापू म्हणाला.

"नाव लिहिलंय?"

बापूने खांदे उडवले आणि तपकिरी मोजे घातले.

पेटी उघडून मिनिटभरही झालं नसेल, बापू "स्स्!" करून मागे सरला. मग पुन्हा "स्स्!" दोन डंख, दोन्ही मनगटापाशी. टिटवी शेजारीच उभी होती. तिच्याकडे एकही माशी फिरकली नाही.

"बापू? तूसुद्धा?" मामाने भुवया उंचावल्या. "काय चाललंय रे मनात?"

बापूचे कान लाल झाले. "काही नाही, मामा." त्याने मोजे काढून कुंपणावर टाकले आणि हात पाठीमागे न बांधताच घरात गेला.

मामीचा निकाल त्यालाही लागू झाला. पाच चौकटी एकट्या टिटवीने तपासल्या. "वा! आज हात कसा लोण्यासारखा चालतोय!" मामा म्हणाला आणि शेजाऱ्याकडे निघून गेला.

टिटवीला नाचावंसं वाटत होतं. रविवार तिचा होता! मग एकदम तिच्या डोक्यात काहीतरी खटकलं. बापू विव्हळला तेव्हा तिला आनंद झाला होता. चांगला गुदगुल्या होण्याइतका. म्हणजे तिच्या मनात आज कालच्या दुप्पट खोट होती. मग माश्यांनी तिला का सोडलं?

तिने घराकडे पाहिलं. खिडकीत बापू मामीबरोबर शेंगा सोलत बसला होता. एका शब्दाने त्याने तक्रार केली नव्हती. भांडला असता तर किती बरं झालं असतं!

"ताई! ताई, इकडे ये!" मामाची आठ वर्षांची मुलगी भिंगरी कुंपणापासून दूर उभी राहून बोट दाखवत होती. "माश्या बघ कशा करतायत!"

कुंपणावर पडलेल्या तपकिरी मोज्यांवर माश्या टपाटप आदळत होत्या. आत हात नव्हता. माणूस नव्हता. नुसते मोजे!

टिटवीने काठीने मोजे ओढून घेतले आणि पेट्यांपासून लांब, झाडाखाली नेले. चामड्यावर मिरीच्या चुऱ्यासारखे काळे ठिपके होते. तिने नखाने एक खरवडला. नांगी. दुसरा, तीही नांगी. जाड चामड्यातून डंख हातापर्यंत पोचलेच नव्हते, म्हणून कोणाला कळलेच नव्हते!

आता गप्प बसलं, तर रविवार तिचा. खिडकीत बापू अजून शेंगा सोलतच होता. मग तिने स्वतःलाच एक शिवी हासडली आणि घरात शिरली.

"बापू, तुझ्या मनात काही वाईट नाही. वाईट माझ्या मनात होतं."

"ठाऊक आहे मला."

"कसं काय?"

"मी चौकट उचलली, की तू दुधावर टपलेल्या मांजरासारखी बघतेस."

"आणि तू? तू मोठा साधू!"

"साधू कसला!" बापू शेंग मोडत म्हणाला. "पहिल्या दिवशी जाड मोजे पळवलेस, तेव्हा असा जळलो होतो मी! रात्रभर तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो."

"आणि तरी चावल्या नाहीत?"

"नाहीत. एकसुद्धा नाही!" मग दोघांनाही हसू फुटलं.

टिटवीने मोज्यांत रुतलेल्या नांग्यांची गोष्ट त्याच्या कानावर घातली. "मामाला सांगू या," मागोमाग आलेली भिंगरी म्हणाली.

"छे! मामा म्हणेल, 'वीस वर्षं माश्या पाळतोय मी,'" बापू म्हणाला. "सांगून नाही पटणार. दाखवावं लागेल."

मामी आधी ऐकेना. "पेट्यांजवळ जाणार नाही, लांबून दोरी ओढणार," असं तिघांनी शपथेवर सांगितलं, तेव्हा कुठे तिने मान हलवली. वर स्वतःच जाळीची टोपी घालून दोन काठ्या पेटीसमोर रोवून आली. एका काठीला पांढरे मोजे, दुसरीला तपकिरी, दोन्हींत सुकं गवत कोंबलेलं. मोज्यांना बांधलेली लांब दोरी झुडपामागे बापूच्या हातात होती.

"हे काय चाललंय?" मामा फाटकातून येत म्हणाला.

"मामा, तिथेच थांब! हलू नकोस!" टिटवी ओरडली.

बापूने दोरी हलवली. दोन्ही जोड सारखेच डोलू लागले. पांढऱ्यांभोवती दोन माश्या घिरट्या घालून निघून गेल्या. तपकिरी मोज्यांवर मात्र झुंबड उडाली. टप! टप! टप!

मामा तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"मामा," टिटवी म्हणाली, "या काठीच्या मनात काय खोट आहे?"

मामी इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं.

"तुम्ही यायच्या आदल्या दिवशी पेटी उलटली होती," मामा पुटपुटला. "तेव्हा हेच मोजे होते माझ्या हातात. सगळ्या माश्या त्यांच्यावर तुटून पडल्या होत्या. डंख मारला, की माशी तिथे वास सोडते. तो वास म्हणजे बाकीच्यांना हाकच, 'शत्रू इथे आहे, धावा!' म्हणून तर तो वास झाकायला डंखावर लगेच धूर द्यायचा असतो. हे मी प्रत्येक नवशिक्याला शिकवतो."

"आणि मोजे धुवायचं?" भिंगरीने विचारलं.

मामाने पायाखालची माती निरखली. "ते राहिलं."

"म्हणजे खोट पोरांच्या मनात नव्हती," मामी म्हणाली, "तुमच्या धुण्यात होती!"

दुपारी मामाने स्वतः बसून एकेक नांगी काढली, सोडा टाकून मोजे खळखळून धुतले, पुन्हा धुतले आणि उन्हात टाकले. मामीने बंदी उठवली.

रविवारी सकाळी सगळे पेटीभोवती जमले. "मी इतकी वर्षं माणसांना मन शांत ठेवा म्हणून सांगत आलो," मामा म्हणाला, "पण या पोरांनी डोळे उघडे ठेवले. टिटवे, शाबास! जिंकायची संधी हातात असताना खरं सांगायला आलीस. पहिली चौकट तू उचल."

टिटवीने धुतलेले तपकिरी मोजे घातले. बापूने धूर दिला. तिने दोन्ही हातांनी चौकट सावकाश वर घेतली. केवढी जड! मधावर पांढरं मेण गच्च बसलं होतं.

"अरे, पण बापूचा धूर बघितलात?" शेजारी मामीला म्हणाला. "काय मोजून मापून देतो पोरगा! जन्मजात आहे हो!"

टिटवीच्या मनात हेव्याची बारीकशी कळ उठली. तीच ती, ओळखीची. एक माशी तिच्या मनगटावर उतरली, बाहीच्या कडेने बोटभर चालली, आणि उडून गेली.

"पुढची तू घे, बापू," टिटवी म्हणाली. "आणि पाडलीस ना, तर बघ!"