भुवईवरचे टाके

चंचलने त्या तरुणाकडे वळून पाहिलं, ते त्याच्या डाव्या भुवईसाठी. आता कोणी म्हणेल, एवढ्या निळ्या समुद्रासमोर उभं राहून भुवई कसली पाहायची! पण चंचल होती नर्स, आणि त्या भुवईतून गेलेला व्रण तिला फार ओळखीचा वाटत होता.

दापोलीजवळचा कर्द्याचा किनारा. सकाळची गार वाळू, अंगाला झोंबणारा वारा आणि डॉल्फिन दाखवायला नेणारी एक मोटारहोडी. घरची संत्री तोडून, विकून झाली आणि विदर्भाच्या सीमेवरची पांढुर्णा व सावरगावची मंडळी एकाच बसने थेट कोकणात उतरली. दोन गावांच्या मधे फक्त एक जाम नदी. पण मनं मात्र एका बसमध्येही दोन काठांवरच! पुढच्या सीटवर पांढुर्णा, मागच्या सीटवर सावरगाव. होडीतही तेच झालं. डाव्या बाजूला पांढुर्णेवाले बसले, उजव्या बाजूला सावरगाववाले. सावरगावकडे शकुंतलाआत्यांसारख्या खात्यापित्या घरच्या बायका जास्त, त्यामुळे होडी उजवीकडे कलली.

"अहो पाहुणे, मिसळून बसा जरा! असं कसं चालेल?" होडीवाला ओरडला.

कोणी जागचं हलेना. शेवटी आत्यांनी भाचीला कोपरानं ढोसलं. "चंचले, जाय वं तू त्यायच्याकडं. नाईतर इथंच डुबतो आपण साऱ्याजणी."

चंचल उठली, तोल सावरत पलीकडे गेली, आणि जागा होती ती नेमकी त्या भुवईवाल्याशेजारी.

"घाबरू नका," तो हळूच म्हणाला. "आमी पांढुर्णेवाले समुद्रात गोटे नाई आणत."

ती हसली नाही. म्हणजे, ओठांना हसू दिलं नाही. "हे भुवईवर काय झालं?"

"गोटमार. परसाल."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध झेंडा रोवतात आणि तो मिळवण्यासाठी दोन्ही काठांवरची माणसं एकमेकांवर दगडांचा मारा करतात. हीच ती गोटमार. पिढ्यानपिढ्या चालत आलेली. कोणाचं डोकं फुटतं, कोणाचा हात मोडतो, आणि पुढच्या वर्षी तीच माणसं पुन्हा नदीत.

"आणि टाके कोणी घातले?" चंचलने विचारलं.

"काय सांगू! डोळे रक्तानं भरले होते. काई दिसेना, अन् चुकून सावरगावच्याच काठावर चढलो. तिकडं दवाखान्याच्या तंबूत एक नर्स होती... मास्क लावलेली. लय खतरनाक बाई! टाके घालता घालता मले बोलून राहिली होती."

"काय बोलून राहिली होती?"

"म्हणे, आईनं दिलेलं डोकं असं फुकट वाटून राहिला का बे?"

"बे नव्हतं म्हटलं मी," चंचल म्हणाली.

तो थबकला. तिच्याकडे पाहत राहिला... मग त्याचा हात आपसूक भुवईकडे गेला. "तुमी? — खरंच तुमी होत्या?"

"टाके बरे बसले," ती म्हणाली, आणि आता मात्र हसू आवरलं नाही.

त्याचं नाव हेमराज. घरची संत्र्याच्या कलमांची नर्सरी. बोलता बोलता कळलं की रोज भाजी घ्यायला दोघं एकाच बाजारात जातात. एवढ्या जवळ राहून भेट झाली ती गावापासून शेकडो कोसांवर, याचं दोघांनाही नवल वाटलं.

"ते बघा! ते बघा!" होडीवाल्यानं इंजिन बंद केलं.

पाण्यातून एक काळसर, गुळगुळीत पाठ वर आली. फुस्स करून श्वास सोडला आणि नाहीशी झाली. पाठोपाठ दुसरी. मग एक पिल्लू, आईला अगदी चिकटून! सगळी माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून पाहू लागली. त्या धांदलीत पांढुर्णा कुठे आणि सावरगाव कुठे, कोणाला शुद्ध राहिली नाही. होडी हलली, आणि चंचलने आधाराला हेमराजचं मनगट धरलं.

सवयच ती! बोटं नेमकी नाडीवर गेली.

"लय पळून राहिली तुमची नाडी," ती म्हणाली.

"डॉल्फिन पाहून राहिलो ना."

"डॉल्फिन तिकडं हाय. तुमी त इकडं पाहून राहिले."

त्यानं मान वळवली नाही. तिनंही मनगट सोडलं नाही.

किनाऱ्यावर परतल्यावर मंडळी चहाच्या टपरीकडे गेली. ती दोघं ओल्या वाळूवरून मागे मागे चालत राहिली. पाऊलभर अंतर होतं. लाट आली की तेही उरत नव्हतं.

"परत गेल्यावर भेटाल?" हेमराजने विचारलं. "पूल ओलांडला का तुमचंच गाव..."

"भेटीन," ती म्हणाली. मग थांबली. "पण पोळा आला का काय? माझ्या बाबांचा एक डोळा गेला गोटमारीत. मी शाळेत होती तवा. आई अजून त्या दिवशी चूल नाई पेटवत." तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. "दुसऱ्याले टाके घालताना माझा हात नाई कापत. तुमाले पुन्हा घालाचे म्हटले, त कापन. एका सकाळीत एवढं झालं, मी काय करू?"

हेमराजने वाळूकडे पाहिलं. "आबा खेळले, बाबा खेळले. काकानं हात धरून मले नदीत उतरवलं. सोडलं, त सारं गाव भित्रा म्हणन."

"म्हणन."

"हो म्हणणं आत्ता सोपं हाय, चंचल. अन् खोटं नाई बोलाचं मले तुमच्याशी..."

त्याचा हा खरेपणा तिला आवडला, आणि त्याच खरेपणाने तिचा जीव तुटला. ती भराभर चालत पुढे निघून गेली.

टपरीवर हेमराजचे गुणवंताकाका ऐन रंगात आले होते. गोटमारीतले जुने गडी ते! "यंदा झेंडा आमचाच, लिहून ठेवा," ते सावरगाववाल्यांना डिवचत होते. "आमचा हेमराज सगळ्यात पुढं राहीन!"

चंचलचा चहा हातातच राहिला.

"काका," मागून आवाज आला. हेमराज उभा होता. "माझं नाव नका धरू."

"म्हंजे?"

"यंदा नाई. पुढंही नाई."

"सावरगावची हवा लागली याले!" कोणीतरी हसलं, पण काका हसले नाहीत.

"काऊन रे? भ्याला का?"

"हो, भ्यालो." त्यानं चारचौघांत चंचलकडे पाहिलं. "जीवाले नाई भ्यालो. या पोरीले गमावाले भ्यालो."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग चंचलकडे. ग्लास खाली ठेवला आणि बसकडे चालू लागले. त्यांच्यामागे पांढुर्ण्याची निम्मी मंडळीही उठून गेली.

हेमराजचा चेहरा पडला. ज्या काकांचं बोट धरून तो मोठा झाला, त्यांनी आज प्रथमच त्याच्याकडे पाठ फिरवली होती. चंचल उठून त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. शकुंतलाआत्या पाहत होत्या, पाहू देत!

"राग उतरन त्यायचा," ती म्हणाली.

"उतरन. वेळ लागन." त्यानं बसकडे पाहिलं. "पण गोटमारीच्या दिवशी मी करू काय? घरात बसून नुसता गलका ऐकू?"

"माझ्या तंबूत ये. पट्ट्या कापाले माणूस लागते. दोन्ही काठांवरचे येतात."

ती 'या' नव्हे, 'ये' म्हणाली, हे त्याच्या ध्यानात आलं. तरी त्यानं विचारलंच — "सावरगावच्या काठावर? साऱ्या पांढुर्ण्यासमोर? लोक काय म्हणतील मले?"

चंचलने त्याच्या भुवईवरच्या व्रणावरून हळूच बोट फिरवलं.

"जावई म्हणतील."