शमीमच्या वेलीचं पाणी

शाळेच्या मैदानात मुलांनी एकेक वेल सांभाळून वाढवलेल्या द्राक्षबागेत एक कोडं पडलं होतं. सगळ्या वेलींचे मणी अजून आंबट, एकट्या शमीमच्या वेलीचे मात्र गोड.

हे ऐकून मोहिनीचा नुसता जळफळाट झाला. माती तीच, मांडव तोच, आणि पाणी तर शमीमच्या वेलीला निम्मंच मिळत होतं. तिच्या बुंध्याजवळच्या ठिबकच्या दोन नळ्यांपैकी एक मोहिनीनेच गुपचूप आपल्या वेलीकडे वळवली होती. बाग सांभाळणारा यंत्रमानव वेलोबा ऊठसूट शमीमचं कौतुक करायचा. मोहिनीला ते बघवत नव्हतं. शमीमची वेल वाळावी, एवढंच तिला हवं होतं. झालं भलतंच. मोहिनीचेच मणी फुगून टपोरे झाले आणि चवीला पाणचट निघाले.

बाग मुलांनी वाढवली असली तरी द्राक्षं वीटभट्टीच्या वस्तीसाठी होती. त्यांचे बेदाणे करायची शेड वस्तीतल्या बायका चालवणार होत्या. मोहिनीची आई त्यांतलीच एक. शेड सुरू झाली की तिच्या डोक्यावरच्या विटा उतरणार होत्या. पण आंबट द्राक्षांचा बेदाणा धड होत नाही. पंधरवड्यात गोडी वाढली नाही, तर शेड यंदा उघडणारच नव्हती.

वेलोबाने शर्करामापक (रसातली साखर मोजणारं यंत्र) पुन्हा पुन्हा लावून पाहिला. पाणी सगळ्यांना सारखंच, मग हीच वेल गोड का, हे त्याला उमगेना. बाग बघायला आलेल्या मोहिनीच्या आईने एक मणी तोंडात टाकला, आंबट म्हणून थुंकला आणि पदराला हात पुसले.

आता मोहिनीला राहवलं नाही. "तिचं निम्मं पाणी मी तोडलंय," ती म्हणाली. "तिची वेल वाळावी म्हणून."

शमीम आपल्या वेलीच्या बुंध्याशी वाकली; तिथे एकच नळी होती. वेलोबाने आधी त्या वेलीची पानं तपासली, ती हिरवीच होती; मग सगळ्यांना समजावलं. साखर पानांत तयार होते, प्रकाशसंश्लेषणाने (उजेडाच्या जोरावर अन्न बनवण्याची क्रिया). फळ पिकताना पाणी जास्त झालं, की मणी फुगतात आणि सरबतात पाणी ओतावं तशी गोडी पातळ होते. वेलही नवे फुटवे काढण्यात साखर खर्च करते. थोडा पाण्याचा ताण (गरजेपेक्षा जरा कमी पाणी) दिला, की वाढ थांबते आणि साखर मण्यांत साठते. हे त्याला ठाऊक होतं. मात्र या मातीत किती पाणी तोडलं तर पानं वाळणार नाहीत, ते माहीत नसल्याने तो घाबरत होता. मोहिनीच्या जळकेपणाने तो प्रयोग परस्पर करून टाकला होता.

त्याच संध्याकाळी साऱ्या बागेचं पाणी निम्मं झालं.

पंधरवड्याने शेडमधल्या जाळ्यांवर द्राक्षं पसरली. पहिली टोपली शमीमच्या वेलीची, आणि ती ओतायला मोहिनीची आई. मोहिनीच्या पोटात पुन्हा दुखलंच.

शमीमने तिच्या हातावर एक घड ठेवला. "पुढच्या वर्षीही माझं पाणी तूच तोड," ती म्हणाली. "फक्त मला सांगून."