शून्यांमागची बाई

मे महिन्यातल्या भर दुपारी अस्मिता गांधीबागेत पोचली, तेव्हा बाजाराची सुट्टी होती आणि कापडगल्लीत चिटपाखरू नव्हतं. भैय्याजींच्या साड्यांच्या दुकानातला मोठा स्क्रीन बिघडलाय, एवढंच तिला ठाऊक होतं. तो चालवणारा प्रोग्राम तिनंच लिहिलेला, म्हणून कंपनीनं तिलाच धाडलं होतं.

भैय्याजींनी शटर अर्धं उचललं. पाणीसुद्धा विचारलं नाही.

"कोणाचा फोटो टाकला तुम्ही याच्यात? मुद्दाम करून राहिले काय?"

"कसला फोटो?"

"चालू करा न पहा."

तिनं बटण दाबलं. दुकानाचं नाव उमटायच्या आधी, क्षणभरच, एक बाई दिसली. कपाळाला चिकटलेले केस, त्यांत माळलेला मोगरा, काचेला टेकवलेला तळवा. नजर सरळ भैय्याजींवर.

अस्मिताला उलट हायसं वाटलं. हा दोष तिच्या ओळखीचा होता. स्क्रीनवरचा एकेक ठिपका आधी मेमरीच्या एका तुकड्यात लिहिला जातो. त्याला फ्रेमबफर म्हणतात. यंत्र सुरू झालं की त्याचा कारभारी, म्हणजे कर्नेल, तो तुकडा ताब्यात घेतो. घेताना तो पुसला नाही, तर आधीचं कुठलंतरी चित्र चमकून जातं.

"जुनं चित्र उरलंय. पुसते," ती म्हणाली. "ओळखीच्या आहेत का या?"

"मले काय माहीत!" भैय्याजी खेकसले. "पुसा लवकर."

तिनं लॅपटॉप जोडला आणि त्या सगळ्या मेमरीत शून्यं भरली. स्क्रीन काळा झाला. मग तळाकडून एकेक ओळ उजळत वर चढू लागली... आधी तळवा, मग हनुवटी, मग डोळे. बाई आता जास्त जवळ आली होती.

अस्मितानं मेमरी वाचून पाहिली. शून्य. पार शेवटपर्यंत शून्य.

तिनं कर्नेलला स्क्रीन सोडून द्यायला लावलं. आता स्क्रीनला चित्र पुरवणारं कुणीच उरलं नव्हतं. बाई मात्र होती. तिचे ओठ हलत होते. दुकानात जळक्या कापडाचा वास पसरला, आणि पाठीमागं शटर करकरत, सावकाश खाली सरकू लागलं.

"भैय्याजी... कोण आहे ही?"

भैय्याजींचा आवाज पार बसला होता. ते अस्मिताशी बोलतच नव्हते.

"वहिनी... मले माहीत नव्हतं वं, तू खाली गोदामात आहे म्हणून... आग वर आली असती, म्हणून शटर पाडलं मी..."

बाईनं हळूच मान हलवली. नाही.

"आवाज आला होता," भैय्याजी पुटपुटले. "तुह्या हाका... आल्या होत्या मले."

बाई थांबली. मग हसली.

"चला बाहेर!" अस्मितानं त्यांचा हात ओढला आणि चटका बसून सोडला. तव्यासारखा तापला होता तो. भैय्याजी गादीवरून हलेनात. ती फटीतून सरपटत गल्लीत आली, आणि मागं शटर धाडकन आदळलं. आतून कुणीतरी पत्र्यावर तळवे आपटत होतं.

तिच्या आरडाओरड्यानं चौकातली माणसं धावली. पहारी घालून शटर उचकटलं. आत एक सूतही जळलं नव्हतं. साड्यांच्या घड्या जशाच्या तशा, स्क्रीन मिट्ट काळा. भैय्याजी गादीवर बसलेले, डोळे उघडे, अंगावर साधा फोडसुद्धा नाही.

ते खोकले. तोंडातून धूर निघाला.

ते वाचले. दवाखान्यात मात्र प्रत्येक श्वासासोबत धुराची बारीक रेघ बाहेर पडायची, आणि डॉक्टर एकमेकांकडं बघत राहायचे. अस्मिता एकदा भेटायला गेली, ती खोलीच्या दारातच थबकली. धूर तिच्यापर्यंत आला. त्याला जळकट वास नव्हता.

नुकत्याच माळलेल्या मोगऱ्याचा होता.