पंचावन्न इंचांचा संशय

या, असे जवळ सरका. आणि कुणीतरी तो पंखा बंद करा बरं, कारण या गोष्टीत एक आवाज आहे आणि तो तुमच्या कानापर्यंत पोचायला हवा. गोष्ट प्रेमाची आहे. पण सुरुवात संशयानं होते, तेवढं सांभाळून घ्या.

ती कपडे शिवायची. गळ्यात कायम मापाची टेप, म्हणून सगळे तिला टेपवाली म्हणायचे. माणूस समोर आला की आधी त्याचे खांदे मोजायची आणि मग त्याचा खोटेपणा. एका गुरुवारी बाबांना घेऊन ती टीव्हीच्या दुकानात शिरली, तीही याच तयारीनं.

"हा पंचावन्न इंची," तिथला उंच विक्रेता म्हणाला.

तिनं टेप काढली आणि पडद्याच्या या काठापासून त्या काठाला लावली. अठ्ठेचाळीस!

"सात इंच कुठे गेले?"

"अहो, टीव्ही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात."

"म्हणजे उरेब, तिरकं? मी कापड असं मोजून दिलं, तर गिऱ्हाईक माझ्याच कात्रीनं मला कापेल!"

तो हसला नाही... म्हणजे, हसू दाबलं. टेपचं दुसरं टोक त्यानं धरलं. "चला, मोजा."

बरोबर पंचावन्न भरले. तरी टेप ताणलेलीच राहिली.

"सोडा आता."

"तुम्हीच ओढताय," तो म्हणाला.

तिनं झटकन पाठ फिरवून टेप गुंडाळायला घेतली. मागून बाबांचा आवाज आला, "वा! काय रंग आहेत याचे!" ती वळली तेव्हा विक्रेत्याचा चेहरा एकदम गंभीर झालेला. आत्ता तर हसू दाबत होता... काय लपवतोय हा?

टीव्ही हवा होता तो आईसाठी. आई जाऊन चार वर्षं झाली होती. मागे उरलं होतं एकच चित्रीकरण, सात मिनिटांचं. आई भिंतीला टेकून प्रार्थना गातेय, वर पंखा खडखडतोय. बाबा म्हणायचे, "मोठ्या पडद्यावर एकदा तिला नीट बघायचंय गं." बाकी त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं.

विक्रेत्यानं त्या चित्रीकरणाचा पेनड्राइव्ह लावला, सातही मिनिटं उभ्यानं पाहिली आणि म्हणाला, "हा टीव्ही तुमच्यासाठी नाही. पुढच्या गुरुवारी या. पेनड्राइव्ह ठेवून जा."

"एकच आहे तो!"

"राहू दे गं," बाबा म्हणाले.

दुसऱ्या गुरुवारीही तेच. "आज नको. अजून आठ दिवस." आलेला माल विकायचा सोडून हा माणूस गिऱ्हाईक परत का पाठवतोय? आणि दुसरी गोष्ट. शेजारच्या काउंटरवरच्या मुलीला तो म्हणाला, "ताई, इकडे या." पोक्त बाईंनाही ताई. दारातून नुसतं डोकावणारीलाही ताई. हिला मात्र... काहीच नाही. नुसतं "अहो". हेही तिच्या संशयाच्या खात्यात गेलं.

मग मंगळवारी तिनं मावशीला हेरगिरीला धाडलं. मावशी धापा टाकत परतली.

"अगं, तोच पंचावन्न इंची! मला म्हणाला, 'मावशी, उत्तम आहे, आजच न्या.'"

झालं! तिसऱ्या गुरुवारी टेपवाली दुकानात घुसली ती तोफेसारखी. बाबा तिच्या दंडाला धरून मागे.

"माझा पेनड्राइव्ह द्या! मावशीला उत्तम आणि मला वाईट? हरवलात ना तो? खरं सांगा!"

त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी पुढचं स्टूल हातानं चाचपलं आणि बसले.

"पहिल्या खेपेला तू पुढे बाहेर पडलीस, तेव्हा तुला सांगू नकोस म्हणून मीच त्याला शपथ घातली, पोरी. त्या दिवशी मी ज्याच्या रंगांचं कौतुक केलं ना... तो टीव्ही बंद होता."

तिच्या हातातून टेप सुटली. कपाच्या काठावर बोट ठेवून चहा ओतणारे बाबा, चष्म्याला ओरखडे पडलेत म्हणून पेपर सोडून दिलेले बाबा... सगळ्या जगावर संशय घेतला तिनं. एवढं सोडून.

"तुला कळलं असतं तर शिवणाचं मशीन बंद करून माझ्या उशाशी बसली असतीस. मला वाटलं, खूप मोठा असेल तर दिसेल मला... निदान तिचा चेहरा."

विक्रेता हळूच म्हणाला, "या चपट्या टीव्हींचे स्पीकर मागे भिंतीकडे तोंड करून असतात. आईंचं गाणं भिंतीला ऐकू जायचं, बाबांना नाही. म्हणून दुसरा मागवला. पडदा लहान आहे, पण स्पीकर पुढे आहेत. आणि पंख्याची खडखड काढून टाकायला मला जरा वेळ लागला."

त्यानं बटण दाबलं.

आईचा आवाज आला. स्वच्छ... मधला श्वाससुद्धा. वरच्या सुरात जाण्याआधी ती किंचित थांबायची, तेही. बाबांचा हात मांडीवर ठेका धरू लागला. सात मिनिटं कुणी हललं नाही. शेवटी बाबा पुटपुटले,

"दिसली."

देव कुणाच्या हातून काय करून घेईल, सांगता येत नाही बघा.

बऱ्याच वेळानं टेपवालीनं डोळे पुसले. पण स्वभाव कुठे जातो?

"हा टीव्ही आला कधी?"

"सोमवारी."

"मग तसा निरोप का नाही दिलात?"

"गुरुवारी... येणारच होतात ना तुम्ही."

"आणि सगळ्यांना ताई म्हणता. मला का नाही?"

त्याचे कान लाल झाले. "प्रयत्न केला. जमलं नाही."

"कधीपासून?"

"उरेब म्हणालात, तेव्हापासून."

तिनं खाली पडलेली टेप उचलली, त्याच्या मागे गेली आणि टाचा उंचावून ती त्याच्या खांद्यांवर लावली.

"हलू नका. सदरा शिवतेय तुमच्यासाठी. गुरुवारी या घालून बघायला... आणि त्याच्या पुढच्या गुरुवारीही. एका खेपेत नाही बसायचा तो."

"मला संशय येतोय," तो म्हणाला.

स्टुलावरून बाबा हसले. "अरे, मला तर आंधळ्यालाही दिसतंय!"

झाली गोष्ट. आता एवढंच करा. तुमच्या घरात कुणी काम करता करता गुणगुणू लागलं, तर क्षणभर पंखा बंद करा आणि खडखडीखाली चार वर्षं गात राहिलेल्या त्या आईची आठवण ठेवा.